‘नोकरी देतों’ म्हणणाऱ्याची पारख

शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यानंतरचे दोन महिने हा घरोघरीं मोठ्या खलबतांचा काळ असतो. पुढें शिकावें कीं नोकरी धरावी, मुंबईस जावें कीं पुण्यास, काकांकडे राहावें कीं मामांकडे, ह्याविषयीं वडील मंडळी रात्रीं जेवणें आटोपल्यावर बोलत बसतात. नेमक्या ह्याच सुमारास, जणूं कोणीं भिंतीपलीकडून तें बोलणें ऐकलें असावें त्याप्रमाणें, दारीं एखादा ओळखीच्या ओळखीचा गृहस्थ येतो, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें मोबाइलवर एखादा संदेश येतो. नोकरी तयार आहे, पगार चांगला आहे, फक्त थोडी रक्कम आधीं भरावी लागेल! प्रस्तुत लेखांत ह्या संदेशाविषयीं चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं ते वाचावेतच. परंतु पैसा ज्यांच्या गांठीचा जातो त्या पालकांनीं ते विशेषेंकरून वाचावे, अशी आमची विनंति आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. इ. स. २०२२ च्या जून व जुलै महिन्यांत नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर तामिळनाडूंतील २८ तरुण निरनिराळ्या फलाटांवर रोज आठ आठ तास उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या व त्यांचे डबे मोजीत. तिकीट तपासनीस, ट्रॅफिक असिस्टंट, कारकून अशा जागांवर आपली नेमणूक झाली असून हें आपलें प्रशिक्षण चाललें आहे, अशी त्यांची समजूत होती. सुमारें महिनाभर हें चाललें. ह्या नोकरीसाठीं त्यांनीं प्रत्येकीं २ लाखांपासून २४ लाखांपर्यंत रुपये दिले होते. एकूण रक्कम २ कोटि ६७ लाखांच्या घरांत गेली. पुढें नेमणुकीचे कागद घेऊन ते गेले तेव्हां ते कागद बनावट असल्याचें समजलें.

ह्या तरुणांस हसणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. त्यांतील पुष्कळ जण पदवीधर होते, तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. मग ते फसले कसे? फसविणारांनीं त्यांस सर्वच कांहीं खोटें दाखविलें नव्हतें. स्थानक खरें होतें, गाड्या खऱ्या होत्या; वैद्यकीय तपासणीसाठीं रेल्वेच्याच रुग्णालयांत बोलाविण्यांत आलें होतें, असें तक्रारींत नमूद होतें. त्या मंडळींशीं त्यांची गांठ घालून देणारा मनुष्यही एक वृद्ध निवृत्त सैनिक होता. आपणही ह्यांत फसलों असें त्याचें म्हणणें होतें, आणि पोलिसांकडे तक्रारही त्यानेंच केली. खोट्या नाण्यावर जसा चांदीचा मुलामा असतो तसा येथें खऱ्या गोष्टींचा पातळ थर होता. आंत खोटी होती ती नेमणूक. म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, ‘कचेरी खरी आहे काय? साहेब खरा दिसतो काय?’ एवढ्यावर न थांबतां ‘ही नेमणूक कोणत्या मार्गानें झाली?’ असें विचारावें.

तो मार्ग कसा असतो तें रेल्वेचेंच उदाहरण घेऊन पाहूं. रेल्वे भरती मंडळ प्रथम क्रमांक घातलेली जाहिरात काढतें. ती सर्वांस वाचावयास मिळते. उमेदवार स्वतः अर्ज भरतो. मग संगणकावर परीक्षा होते, तिचा निकाल उमेदवारांच्या क्रमांकांसह प्रसिद्ध होतो, नंतर कागदपत्रें तपासलीं जातात, मग वैद्यकीय तपासणी, आणि सर्वांच्या शेवटीं नेमणूक. ह्या साखळींतील प्रत्येक कडी चार लोकांच्या देखत घडते. पैसा किती लागतो? अलीकडच्या भरतींत बहुतेक उमेदवारांस ५०० रुपये शुल्क होतें, आणि पहिल्या परीक्षेस जो हजर राहील त्यास त्यांतील ४०० रुपये, बँकेचा खर्च वजा करून, परत! कित्येक वर्गांस शुल्क २५० रुपयेच, आणि तें सगळें परत मिळावयाचें. खरें खातें घेतलेले ४०० रुपयेही परत करूं पाहतें, आणि हा गृहस्थ ४ लाख मागतो. तेव्हां तो त्या खात्याचा नव्हे हें ओळखण्यास त्रैराशिकाचीही गरज नाहीं. महाराष्ट्र लोकसेवा आयोग, पोलीस भरती, जिल्हा परिषदा ह्यांची रीतही थोड्याफार फरकानें अशीच आहे. ज्या जागेसाठीं आपण अर्ज केला नाहीं व परीक्षा दिली नाहीं, त्या जागेची नेमणूक आपल्या नांवें येणें शक्य नाहीं. सरकारी संकेतस्थळांच्या नांवाचा शेवट बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो, हेंही ध्यानांत ठेवावें. फसविणारे त्याच्या जवळपासचें, एखादें अक्षर इकडचें तिकडे केलेलें नांव घेतात.

परंतु गोष्ट इतकी उघड असतां शहाणीं माणसें पैसे कां देतात? येथें एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. ‘परीक्षा सगळ्या नांवाच्या, जागा आंतल्या आंत भरल्या जातात’ असा समज आपल्या लोकांत खोल रुजला आहे. तो सर्वथा निराधार आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या व लांचलुचपतीच्या बातम्या सर्वांनींच वाचल्या आहेत. फसविणारा नेमका ह्या समजाचाच धंदा करतो. ‘दोन जागा साहेबांच्या हातच्या आहेत, आंत आपला माणूस आहे, कोठें बोलूं नका,’ असें तो हलक्या आवाजांत सांगतो. हें ऐकून बाप पैसे देतो तेव्हां आपण मागल्या दारानें शिरत आहों हें तो मनांतून जाणत असतो. आणि त्याची ही जाणीव हेंच त्या लबाडाचें खरें तारण होय. पुढें फसवणूक उघडकीस आली तरी बाप पोलिसांत जावयास कचरतो, कारण ‘तूं पैसे द्यावयास गेलासच कां?’ ह्या प्रश्नास त्याच्याजवळ उत्तर नसतें. लांच देणें हाही २०१८ च्या दुरुस्तीपासून कायद्यानें स्पष्ट गुन्हा ठरला आहे, त्यामुळें भीति आणखी वाढते. चोरी करून वर मालकाचेंच तोंड बंद करितां आलें, तर चोरास आणखी काय हवें? मागल्या दाराची किल्ली विकणाऱ्याजवळ दारच नसतें, हें पैसे देण्यापूर्वीं समजलें तर पुढची सगळी लाज वांचते.

खासगी कंपन्यांच्या नांवानें येणाऱ्या पत्रांची तऱ्हा थोडी निराळी आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील असें एक पत्र घेऊन शाळेंत आले. मुलगाही बरोबर होता. पत्र इंग्रजींत होतें. वर एका मोठ्या कंपनीचें बोधचिन्ह, खालीं गोल शिक्का, शिक्क्यावर तिरकी सही. विमानतळावर सामान हाताळण्याच्या विभागांत जागा, पगार ३२,००० रुपये, राहण्याची सोय कंपनीची. गणवेश व प्रशिक्षण ह्यांकरितां ६,५०० रुपये अनामत, ती पहिल्या पगाराबरोबर परत मिळणार. त्यांतील २,५०० रुपये गेलेले होते. उरलेले ४,००० त्याच दिवशीं सायंकाळीं पांचच्या आंत भरावयाचे होते, नाहीं तर जागा ‘पुढच्या उमेदवारास’ जाणार होती. पैसे कसे पाठवावे तें नीटसें कळत नव्हतें, म्हणून ते आमच्याकडे आले होते. पत्राच्या खरेपणाविषयीं त्यांस शंकाच नव्हती. घरीं पेढे वांटून झाले होते.

आम्हीं मुलास जवळ बसवून पत्रांतील एकेक ओळ मोठ्यानें वाचावयास सांगितली. पगार आंकड्यांत ३२,००० होता, अक्षरांत तेवीस हजार. कंपनीच्या नांवाचें स्पेलिंग दोन ठिकाणीं दोन प्रकारचें होतें. एका वाक्यास कर्ता होता तर क्रियापद नव्हतें. (इंग्रजीच्या तासाला मुलें व्याकरणास कंटाळतात, त्याचा असाही उपयोग होतो, हें येथें नमूद करून ठेवतों.) ईमेलचा पत्ता कंपनीचा नसून कोणासही फुकट मिळणारा होता. पैसे भरावयाचें बँकेचें खातें कंपनीच्या नांवें नसून एका व्यक्तीच्या नांवें होतें. मुलाखत कोठें झाली, असें विचारतां मुलगा म्हणाला, ‘फोनवर, दहा मिनिटें.’ काय विचारलें? ‘नांव, वय, शिक्षण आणि घरीं कोण कोण आहे.’ कामाविषयीं एकही प्रश्न विचारलेला नव्हता. ज्या कंपनीस ह्याच्याकडून वर्षानुवर्षें काम करून घ्यावयाचें आहे तिनें ह्यास काम येतें कीं नाहीं हें विचारूं नये, पण घरची परिस्थिति विचारावी, हें चमत्कारिक नव्हे काय?

तरी मुलगा म्हणाला, ‘पण सर, खरें असलें तर?’

ह्या प्रश्नास व्याकरणानें उत्तर देतां येत नाहीं. आम्ही इतकेंच म्हणालों कीं, खरें असेल तर तें पांच वाजून गेल्यावरही खरेंच राहील. मग पत्रांत दिलेला दूरध्वनिक्रमांक बाजूस ठेवून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिच्या कचेरीचा क्रमांक शोधला व तेथें विचारणा केली. अशी कोणतीही नेमणूक झालेली नाहीं आणि कंपनी उमेदवारांकडून पैसे घेत नाहीं, असें उत्तर मिळालें. पांच वाजले, साडेपांच झाले. सहाच्या सुमारास मुलाच्या मोबाइलवर फोन आला कीं, साहेबांनीं खास सवलत दिली आहे, ३,००० भरले तरी चालतील. हें ऐकून मुलाच्या वडिलांच्या तोंडावर जें हंसूं आलें तें आनंदाचें नव्हतें. परंतु त्यांची खात्री मात्र आमच्या सगळ्या स्पष्टीकरणानें पटली नव्हती ती त्या सवलतीनें पटली. पत्रांतील क्रमांकावर चौकशी करूं नये, कंपनीच्या क्रमांकाचा शोध आपण स्वतः घ्यावा, हें ह्यांतून विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण लबाडास ‘तूं लबाड आहेस काय?’ असें विचारल्यास तो काय सांगणार तें ठरलेलेंच आहे.

परदेशांतील नोकरीची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तेथें पैशाबरोबर मनुष्यही हातचा जाण्याचें भय असतें. कोंकणांतून व गोव्यांतून आखाती देशांत कामास जाण्याची चाल जुनी आहे, आणि तिच्यामुळें कित्येक घरांवर कौलें चढलीं, भावंडांचीं शिक्षणें झालीं, हेंही खरें. तेव्हां ‘परदेशीं जाऊंच नये’ असें सांगणारे आम्ही नव्हे. परंतु १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानें असें ठरविलें कीं, परदेशच्या नोकरीसाठीं माणसें भरती करणाऱ्या दलालानें सरकारांत नोंदणी केलेली असली पाहिजे. ही नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे होते, आणि नोंदलेल्या दलालांची यादी ‘ई-मायग्रेट’ ह्या सरकारी संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. दलालाचा नोंदणी क्रमांक त्याच्या कचेरींत व जाहिरातींत ठळक दिसला पाहिजे. त्यानें आपल्या सेवेबद्दल घ्यावयाच्या रकमेची मर्यादा नियमांनीं ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकी ठरवून दिलेली आहे, आणि त्याची पावती द्यावयाची असते. दीड-दोन लाख मागणारा व पावतीचें नांव काढतांच रागावणारा दलाल कोण, हें ह्यावरून समजावें.

येथें आमच्या विद्यार्थ्यांस लागू पडणारी एक बाब आहे, ती फारशी कोणी सांगत नाहीं. ज्याचें शिक्षण दहावीपेक्षां कमी आहे त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः ‘ईसीआर’ अशी नोंद असते. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया, थायलंड इत्यादि १८ देशांत नोकरीसाठीं जावयाचें झाल्यास अशा मनुष्यास प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स ह्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. ह्या अधिकाऱ्याची कचेरी मुंबईंतही आहे. तेथें नोकरीचा करार तपासला जातो. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही परवानगी सामान्यतः लागत नाहीं. कायद्याची कल्पना अशी कीं, हा शिकलेला आहे, हा आपला करार आपण वाचील. म्हणजे अशिक्षित मजुराच्या मार्गांत जो एक पहारेकरी उभा असतो तो आमच्या मॅट्रिक झालेल्या मुलाच्या मार्गांत नसतो. आणि मुलगा तर करार न वाचतांच सही करतो!

ह्याचे परिणाम अलीकडच्या वर्षांत दिसून आले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्यें परराष्ट्र मंत्रालयानें सूचना प्रसिद्ध केली कीं, थायलंडमध्यें संगणकाच्या चांगल्या नोकऱ्या देतों असें सांगून भारतीय तरुणांस म्यानमारमध्यें नेण्यांत येत आहे. बँकॉकला उतरवून त्यांस मोटारीनें माए सोत ह्या सरहद्दीवरील गांवीं नेत आणि तेथून मोएई नदी ओलांडून पलीकडे म्यावाडीच्या परिसरांत पोंचवीत. तेथें पासपोर्ट काढून घेतले जात, आणि संगणकासमोर बसवून परक्या लोकांस फसविण्याचें काम बळजबरीनें करवून घेतलें जाई. नकार देणारास मारहाण होई. नोकरीच्या आमिषानें फसलेल्या मुलासच फसविणाराचा नोकर करावयाचें, ह्याहून क्रूर थट्टा आम्हांस ठाऊक नाहीं. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें वायुदलाच्या विमानांनीं असे ५४९ भारतीय परत आणले. त्याच्या पुढच्याच महिन्यांत महाराष्ट्र सायबर ह्या राज्याच्या पोलीस विभागानें सुमारें ६० जणांची सुटका झाल्याचें व दलालांस अटक केल्याचें जाहीर केलें. रशियांत मदतनिसाचें काम म्हणून नेलेल्या कित्येकांस सैन्यांत घालून युद्धभूमीवर पाठविण्यांत आलें. त्यांतील १२ भारतीय मरण पावल्याचें जानेवारी २०२५ मध्यें सरकारनें सांगितलें.

ह्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं प्रवाशाचा व्हिसा होता. ‘आतां व्हिजिट व्हिसावर चला, तेथें पोंचल्यावर कामाचा करून देऊं,’ हें वाक्य ज्यानें उच्चारलें त्याच्याशीं बोलणें तेथेंच थांबवावें. कामाचा व्हिसा आधीं, विमान मागाहून, असा क्रम आहे. मालकाचें नांव व पत्ता मिळाल्यावर त्या देशांतील भारतीय वकिलातीकडे ईमेलनें चौकशी करितां येते. तिला पैसे पडत नाहींत.

मोबाइलवरील ‘घरबसल्या काम’ ह्या प्रकारावर फार शब्द खर्च करण्याचें कारण नाहीं. चित्रफितींस पसंती द्या, उपाहारगृहांस तारे द्या, दिवसाला दोन हजार मिळवा, असा संदेश येतो. पहिल्या दिवशीं दीडदोनशें रुपये खरोखरच खात्यांत जमा होतात. गळाला गांडूळ लावावेंच लागतें. मग ‘मोठें काम’ मिळण्यासाठीं आधीं हजार भरा, मग दहा हजार भरा, असें चालतें, आणि पडद्यावर आपला नफा वाढतांना दिसतो पण काढतां येत नाहीं. त्याहून वाईट एक पोटप्रकार आहे, तो मुलांनीं नीट ऐकावा. ‘कांहीं करावयाचें नाहीं, फक्त तुझें बँकेचें खातें व कार्ड आम्हांस वापरावयास दे, महिन्याला पांच हजार देऊं.’ अशा खात्यांतून इतर लोकांचे लुबाडलेले पैसे फिरविले जातात, आणि पोलीस मागोवा घेत आले म्हणजे प्रथम ज्याच्या नांवें खातें आहे त्याच्या दारीं येतात. अठरा वर्षांच्या मुलाची खरी पहिली नोकरी लागण्याआधींच त्याच्या नांवावर गुन्ह्याची चौकशी लागलेली असते.

मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट हीं कोणाच्याही ताब्यांत ‘तपासणीसाठीं’ ठेवूं नयेत. दाखवावीं, प्रत द्यावी, आणि प्रतीवर ती कोणत्या कामासाठीं दिली तें तारखेसह लिहावें. ओटीपी कोणास सांगूं नये, हें आतां घराघरांतील लहान मुलांसही पाठ झालें आहे. आजोबांस मात्र पुन्हां पुन्हां सांगावें लागतें.

पैसे गेलेच असतील तर वेळ फार मोलाचा असतो. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींची राष्ट्रीय सोय आहे. पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत धांवत असतात, आणि तक्रार लवकर पोंचली तर ते मध्येंच एखाद्या खात्यांत गोठवितां येतात. दुसऱ्या दिवशीं, काकांना विचारून, चांगला वार पाहून तक्रार करावी म्हटलें तर ते कोठल्या कोठें गेलेले असतात. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर लेखी तक्रार करितां येते, व रोख पैसे दिले असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यांत. पूर्वीं फसवणुकीचें कलम ४२० होतें आणि त्यावरून ‘चारसोबीस’ हा शब्द बोलण्यांत रूढ झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर तें कलम ३१८ झालें, शिक्षा मात्र सात वर्षांपर्यंतची तशीच आहे. संदेश, पत्रें, पैसे पाठविल्याच्या नोंदी, फोनचे क्रमांक ह्यांतील कांहींही पुसूं नये. मुलें लाजेनें प्रथम हेंच करतात. संदेश पुसतात, आणि पुरावा आपल्याच हातानें घालवितात. म्हणून पालकांस विनंति कीं, मुलानें येऊन सांगितलें तर रागावण्याचें काम दुसऱ्या दिवसावर ढकलावें व आधीं फोन करावा.

एखादें पत्र इंग्रजींत असून घरीं वाचणारें कोणी नसेल, तर तें घेऊन शाळेंत यावें. मधल्या सुटींत व शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलींत आमच्यापैकीं कोणी ना कोणी असतोच. मुलास शाळा सोडून किती वर्षें झालीं हें आम्ही विचारीत नाहीं. फक्त पैसे भरण्यापूर्वीं यावें, आणि शक्य तर पेढे वांटण्यापूर्वीं.